वस्तूंवरील उत्पादन-दिनांकाचे संकेत कसे वाचावेत: सिलिंडर, टायर, औषधे आणि किराणा

घरगुती गॅस सिलिंडरच्या वरच्या कड्याखाली ज्या उभ्या पट्ट्या असतात, त्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूला ‘सी-२७’ यासारखा एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असलेला संकेत रंगवलेला असतो. ही गॅस संपण्याची किंवा खराब होण्याची तारीख आहे, अशी समजूत अनेक घरांत आहे. प्रत्यक्षात गॅसला अशी मुदत नसते. तो संकेत गॅस ज्या पोलादी भांड्यात भरला आहे त्या भांड्याची पुढची चाचणी केव्हा व्हायला हवी हे सांगतो. आकडा बरोबर वाचूनही अर्थ चुकतो, याचे हे अगदी घरातले उदाहरण आहे आणि म्हणूनच या लेखात आकडे ओळखण्याइतकाच भर ते आकडे कशाविषयी बोलतात हे समजून घेण्यावर दिला आहे.

आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे आधी ठरवावे

वस्तूवर छापलेला संकेत साधारणपणे तीनपैकी एका प्रश्नाचे उत्तर देत असतो. वस्तू केव्हा तयार झाली किंवा पाकिटात भरली गेली, हा पहिला प्रश्न. ती केव्हापर्यंत वापरावी किंवा केव्हा तपासून घ्यावी, हा दुसरा. ती कोणत्या बॅचमधली आहे, हा तिसरा. बॅच म्हणजे कारखान्यात एका घाण्यात तयार झालेला माल. पुढे त्या मालात दोष आढळला तर नेमका तेवढाच माल बाजारातून परत मागवता यावा यासाठी तो क्रमांक असतो. काही कंपन्या बॅच क्रमांकातच दिवस आणि वर्ष गुंफतात, काही गुंफत नाहीत, त्यामुळे प्रत्येक बॅच क्रमांकातून तारीख काढण्याचा अट्टहास करू नये.

दोन आकडे मात्र सुरुवातीलाच बाजूला सारावेत. खाद्यपदार्थांवर अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या चिन्हाजवळ असलेला १४ अंकी क्रमांक उत्पादकाच्या किंवा विक्रेत्याच्या परवान्याचा असतो, त्यावरून हातातले पाकीट कधी भरले ते कळत नाही. काळ्या रेघांच्या नेहमीच्या बारकोडखालचा १३ अंकी क्रमांकही वस्तूची ओळख सांगतो. एकाच बिस्किटाचे जानेवारीत बनलेले आणि जूनमध्ये बनलेले पाकीट घेतले तरी दोन्हींवर तो सारखाच असतो.

भारतात विकल्या जाणाऱ्या आवेष्टित वस्तूंवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापणे वैधमापनाच्या, म्हणजे वजन-मापे आणि वेष्टनांवरील माहितीविषयीच्या, २०११ च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. म्हणजे साबणाची वडी असो वा विजेचा दिवा, तारीख कुठेतरी असतेच. ती सापडत नसेल तर वेष्टनाची जोडलेली कड, बाटलीचा तळ, ट्यूबची चेपलेली शेपटी आणि झाकणाची बाजू या चार जागा पाहाव्यात. शाईच्या बारीक ठिपक्यांनी छापलेली तारीख चकचकीत प्लॅस्टिकवर सरळ पाहिल्यास दिसत नाही, ती प्रकाशात तिरपी धरावी लागते.

सिलिंडर: घेण्याआधी दारातच वाचायचा संकेत

सिलिंडरवरील चार अक्षरे वर्षाचे चार भाग दाखवतात. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून, ‘सी’ म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि ‘डी’ म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. अक्षरापुढचे दोन आकडे वर्षाचे शेवटचे आकडे असतात. त्यामुळे ‘सी-२७’ लिहिलेले सिलिंडर सप्टेंबर २०२७ अखेरपर्यंत वापरात राहू शकते आणि त्यानंतर ते पुन्हा भरण्यापूर्वी दाबाच्या चाचणीसाठी जायला हवे. नव्या सिलिंडरची पहिली चाचणी १० वर्षांनी आणि पुढच्या चाचण्या दर ५ वर्षांनी होतात. चाचणी झाली की जुना संकेत पुसून नवा रंगवला जातो, म्हणून दिसायला जुनाट, पोचे आलेले सिलिंडर अलीकडेच तपासलेले असू शकते आणि ताजा लाल रंग दिलेल्या सिलिंडरची मुदत उलटलेली असू शकते. रंगावरून अंदाज बांधणे सोडून द्यावे.

वाचताना होणारी एक चूक मी अनेकदा पाहिली आहे. शेजारच्या पट्टीवर ‘१५.८’ यासारखा आकडा असतो, त्यालाच लोक तारखेचा भाग समजतात. ते रिकाम्या सिलिंडरचे किलोमधील वजन असते आणि प्रत्येक सिलिंडरवर ते वेगळे असते. त्यात घरगुती गॅसचे १४.२ किलो मिळवले की भरलेल्या सिलिंडरचे वजन मिळते. १५.८ किलोचे भांडे असेल तर काट्यावर ३० किलो यायला हवेत. तारीख पाहण्यासाठी वाकलोच आहोत तर हा आकडाही पाहून घ्यावा आणि शंका आल्यास सिलिंडर आणून देणाऱ्याला वजन करून दाखवायला सांगावे. तो आपला हक्क आहे, आणि ते सांगताना संकोच बाळगण्याचे कारण नाही.

मुदत उलटलेले सिलिंडर दारात आले तर ते स्वीकारू नये, दुसरे मागावे. आत घेतल्यानंतर लक्षात आले तर घाबरून जाऊ नये, कारण मुदतीच्या दुसऱ्या दिवशी भांडे फुटत नाही. मात्र एजन्सीला कळवून ते बदलून घ्यावे. गॅसचा वास येत असेल तर तारखेचा विचार बाजूला ठेवून रेग्युलेटर बंद करावा, विजेचे कोणतेही बटण चालू किंवा बंद करू नये, दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर येऊन गॅसगळतीसाठी असलेल्या १९०६ या क्रमांकावर फोन करावा.

सिलिंडरइतकेच लक्ष त्याच्या रबरी नळीकडे द्यायला हवे, आणि इथेच आपण सर्वांत जास्त बेफिकीर असतो. नारिंगी रंगाच्या प्रमाणित नळीवर मानक चिन्हासोबत उत्पादनाचे वर्ष छापलेले असते. तेल कंपन्या ही नळी दर ५ वर्षांनी बदलायला सांगतात. ओट्याखाली तेलकट झालेली नळी ओल्या फडक्याने पुसून ते वर्ष आजच वाचावे. छपाई पूर्ण पुसली गेली असेल तर तेवढे कारण नळी बदलण्यास पुरेसे मानावे.

टायर: आठवडा आणि वर्ष

टायरच्या बाजूवर आकारमान, भारक्षमता, वेगमर्यादा असे पुष्कळ काही उठावाच्या अक्षरांत कोरलेले असते. त्या गर्दीत लंबगोल चौकटीतले चार आकडे शोधावेत. पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ‘१६२५’ म्हणजे २०२५ सालचा सोळावा आठवडा, म्हणजेच एप्रिलचा मध्य. काही टायरवर या चार आकड्यांच्या आधी ‘डीओटी’ (अमेरिकी परिवहन खात्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे) ही अक्षरे आणि कारखान्याचा संकेत असतो. त्या लांब ओळीतही शेवटचे चार आकडेच आपल्या कामाचे असतात. आपण योग्य जागा वाचतो आहोत ना, याची सोपी परीक्षा अशी: वर्षात ५३ हून अधिक आठवडे मोजले जात नाहीत, तेव्हा पहिले दोन आकडे त्याहून मोठे आले तर आपण दुसराच क्रमांक वाचत आहोत. तीनच आकडे दिसले तर टायर २००० सालापूर्वीचा आहे आणि तो रस्त्यावर असता कामा नये.

पूर्ण संकेत पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतो. ती बाजू आत गेली असेल तर चाक जॅकवर चढवेपर्यंत किंवा गाडीखाली वाकून विजेरीच्या प्रकाशात पाहिल्याशिवाय तो दिसत नाही. म्हणून नवा टायर विकत घेताना तो रिमवर चढवण्यापूर्वीच संकेत पाहावा, मोबाइलने छायाचित्र घ्यावे आणि दुकानदाराला तो क्रमांक बिलावर लिहायला सांगावा. काही महिने दुकानात थंड, कोरड्या जागी राहिलेला टायर घेण्यात अडचण नसते, पण दोन-तीन वर्षे पडून असलेला टायर नव्याच्या भावाने घेण्यात शहाणपणा नाही.

रबर वापरावाचूनही म्हातारे होते, ऊन आणि हवा यांमुळे ते कडक होऊन त्याला बारीक तडे जातात. टायर ५ वर्षांचा झाला की दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावा आणि खाचा कितीही खोल दिसत असल्या तरी १० वर्षांनंतर तो वापरू नये, असा टायर कंपन्यांचा सर्वसाधारण सल्ला आहे. काही मोटार कंपन्या तर सहाव्या वर्षीच बदलायला सांगतात. आपल्याकडच्या उन्हात दिवसभर उभ्या राहणाऱ्या गाडीसाठी मी कडक बाजूचाच सल्ला मानीन. यात हमखास विसरला जातो तो स्टेपनीचा टायर. चारही टायर दोनदा बदलले गेलेले असतात आणि डिकीतला पाचवा गाडीइतकाच जुना असतो. तो न वापरलेला असल्यामुळे नवा दिसतो, आणि पावसाळी रात्री घाटात नेमका त्याच्यावरच विसंबावे लागते.

औषधे: महिना कोणत्या दिवशी संपतो आणि पट्टी कुठून कापावी

औषधांच्या बाबतीत नियम सुस्पष्ट आहेत. वेष्टनावर बॅच क्रमांक, उत्पादनाचा दिनांक आणि मुदत संपण्याचा दिनांक असावाच लागतो. मुदत महिना व वर्ष अशी दिली असेल तर ती त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत धरली जाते. ‘०६/२०२७’ लिहिलेली गोळी ३० जून २०२७ पर्यंत मुदतीत असते. १ ऑगस्ट २०२३ पासून तयार झालेल्या ३०० ठरावीक ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोडही सक्तीचा झाला असून तो मोबाइलने वाचल्यास बॅच आणि दोन्ही दिनांक दिसतात. छापलेला मजकूर आणि कोडमधला मजकूर जुळत नसेल तर ते औषध घेऊ नये.

खरी अडचण पट्टी कापण्यात आहे. बहुतेक पट्ट्यांवर दिनांक एकाच टोकाला असतो. दहापैकी सहा गोळ्या घेतल्या आणि दुकानदाराने दिनांकाचे टोक स्वतःकडे ठेवले, की आपल्या हाती उरतो तो केवळ नावाचा तुकडा, आणि कधी कधी तेही अर्धेच. आमच्या घरी आजीच्या औषधांच्या डब्यात रक्तदाबाच्या गोळ्यांचे असे पाच तुकडे निघाले होते, आणि त्यांतला जुना कोणता व नवा कोणता हे सांगणे कोणालाच शक्य नव्हते. सगळे टाकून द्यावे लागले. तेव्हापासून आम्ही सुटी औषधे घेताना दिनांक असलेला भाग मागून घेतो. तो मिळत नसेल तर पूर्ण पट्टी घेतो, आणि तेही शक्य नसेल तर अखंड पट्टीचे छायाचित्र काढून बॅच क्रमांक बिलावर आला आहे ना, ते पाहतो. घरीही गोळ्या दिनांकाच्या उलट टोकाकडून काढत यावे.

छापील मुदत ही बंद वेष्टनासाठी असते, हे इथे विशेष लक्षात ठेवावे. डोळ्यांत घालायच्या थेंबांची बाटली उघडल्यावर महिन्याभरात संपवायची असते, मग तिच्यावर दोन वर्षांपुढची तारीख का असेना. पाणी मिसळून तयार करायच्या प्रतिजैविकाचे सिरप वेष्टनावर सांगितलेल्या मोजक्या दिवसांतच वापरायचे असते. इन्सुलिनच्या बहुतेक कुप्या उघडल्यावर सुमारे ४ आठवडे चालतात. म्हणून बाटली उघडली त्या दिवसाची तारीख तिच्यावर पेनाने लिहावी. सौंदर्यप्रसाधनांवर हीच गोष्ट चित्राने सांगितलेली असते: झाकण उघडलेल्या डबीच्या आकृतीत ‘६ एम’ किंवा ‘१२ एम’ असे लिहिलेले असेल तर डबी उघडल्यापासून तेवढे महिने ती वापरावी.

किराणा: ‘बेस्ट बिफोर’, ‘यूज बाय’ आणि डब्यात हरवलेली तारीख

खाद्यपदार्थांवरील दोन इंग्रजी शब्दप्रयोगांत मोठा फरक आहे. ‘यूज बाय’ किंवा ‘एक्स्पायरी’ ही हद्द आहे. त्यानंतर तो पदार्थ विकूही नये आणि खाऊही नये. ‘बेस्ट बिफोर’ ही उत्तम चवीची आणि वासाची मुदत आहे. ती उलटल्यावर पदार्थ विषारी होतो असे नाही, त्याचा कुरकुरीतपणा किंवा सुगंध कमी झालेला असू शकतो. भारतात २०२० च्या लेबलविषयक विनियमांनी उत्पादनाचा किंवा भरल्याचा दिनांक आणि ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ छापणे आवश्यक केले, तर ‘बेस्ट बिफोर’ ही जादा माहिती म्हणून देण्याची मुभा ठेवली. तीन महिन्यांपर्यंत टिकणाऱ्या पदार्थांवर दिवस, महिना आणि वर्ष असे तिन्ही असतात, त्याहून अधिक टिकणाऱ्यांवर महिना आणि वर्ष पुरते. मिठाईच्या दुकानातील सुट्या मिठाईच्या ताटापुढेही ती केव्हापर्यंत खावी याची तारीख लावणे १ ऑक्टोबर २०२० पासून आवश्यक झाले आहे. दिवाळीच्या गर्दीत ती पाटी दिसत नसेल तर विचारावी.

‘भरल्यापासून ९ महिने’ अशी मुदत असलेल्या पाकिटावर हिशेब आपल्याला करावा लागतो, आणि तो भरल्याच्या महिन्यापासून करायचा, विकत घेतल्याच्या महिन्यापासून नव्हे. घाईत हीच चूक होते.

तारखेवर चिकटवलेली पट्टी दिसली तर थांबावे. किंमत कमी केल्याचे चिकटपत्र मूळ किंमत न झाकता लावता येते, परंतु छापलेली माहिती बदलण्यासाठी वरून पट्टी लावण्याची परवानगी नाही. तारखेवर तारीख चिकटवलेली वस्तू परत ठेवून द्यावी, आणि शाई स्पिरिटने पुसून पुन्हा छापल्यासारखा धूसर पट्टा दिसला तरीही तेच करावे.

आपल्या स्वयंपाकघरात मात्र तारीख आपणच फेकून देतो. डाळ, रवा, मसाला डब्यांत आणि बरण्यांत ओतला जातो व पाकीट कचऱ्यात जाते. पाकिटाचा तारीख असलेला तुकडा कापून डब्याच्या झाकणाला आतून चिकटवावा. जुना माल संपल्याशिवाय नवा वर ओतू नये, कारण मग दोन तारखा मिसळतात आणि तळाचा माल वर्षानुवर्षे तळातच राहतो.

वर्षातील दिवसाचा क्रमांक

काही डबाबंद पदार्थांवर आणि प्रसाधनांवर बॅचच्या संकेतात महिना न देता दिवसाचा क्रमांक दिलेला असतो. १ जानेवारी म्हणजे ००१ आणि ३१ डिसेंबर म्हणजे ३६५. त्याच्या आधी किंवा नंतर वर्षाचा शेवटचा आकडा असतो. असा संकेत उलगडण्यासाठी प्रत्येक महिना संपेपर्यंत किती दिवस होतात ते पाहावे. जानेवारीपासून ओळीने ते ३१, ५९, ९०, १२०, १५१, १८१, २१२, २४३, २७३, ३०४ आणि नोव्हेंबरअखेर ३३४ असे होतात. ‘५२२७’ या संकेतात ५ म्हणजे २०२५ आणि २२७ हा दिवस. २२७ पेक्षा लहान असलेला सर्वांत मोठा आकडा २१२ हा जुलैअखेरचा. तो वजा केला की १५ उरतात, म्हणून वस्तू १५ ऑगस्ट २०२५ ची आहे. लीप वर्षात फेब्रुवारीपासून पुढच्या प्रत्येक आकड्यात एक मिळवायचा असतो, त्यामुळे १५ ऑगस्ट २०२४ चा संकेत ‘४२२८’ असा येतो. वर्षाचा एकच आकडा असल्याने ५ म्हणजे २०१५ सुद्धा असू शकते, हे वेष्टनाच्या जुनेपणावरून आणि इतर माहितीवरून ठरवावे.

विजेच्या उपकरणांवर आणि बॅटऱ्यांवर महिन्यांसाठी ‘ए’ पासून ‘एल’ पर्यंत अक्षरे वापरण्याचीही पद्धत आढळते. काही कंपन्या १ शी गल्लत होऊ नये म्हणून ‘आय’ गाळतात आणि मग त्यापुढची अक्षरे एकाने पुढे सरकतात. जपानी पद्धतीच्या काही संकेतांत ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरसाठी ‘एक्स’, ‘वाय’, ‘झेड’ येतात. कंपनीगणिक कोष्टक बदलत असल्यामुळे इथे तर्कावर फार भरवसा ठेवू नये. अनुक्रमांक देऊन कंपनीच्या ग्राहक सेवा केंद्राकडून लेखी उत्तर मागवावे. इन्व्हर्टरची बॅटरी घेताना तर हे अवश्य करावे, कारण दुकानात वर्षभर चार्ज न करता पडून राहिलेली बॅटरी पहिल्या दिवसापासूनच कमजोर असते.

परदेशातून आलेली किंवा परदेशात घेतलेली वस्तू

अमेरिकेतील पाकिटावर महिना आधी आणि दिवस नंतर असतो, आपल्याकडे उलट. ‘०४/०९’ पाहून एप्रिल की सप्टेंबर हे ठरत नाही. दोनपैकी एक आकडा १२ पेक्षा मोठा असेल तर तो दिवस. दोन्ही लहान असतील तर त्याच कंपनीच्या दुसऱ्या पाकिटाशी ताडून पाहावे. अमेरिकेत अर्भकांच्या दूध पावडरीखेरीज इतर खाद्यपदार्थांवर तारीख छापण्याची केंद्रीय सक्ती नाही, पण तिथल्या श्रेणी-चिन्ह असलेल्या अंड्यांच्या खोक्यावर वर सांगितलेला तीन आकडी दिवस-क्रमांक असतो. टोरांटोतल्या दुकानात वर्ष, महिना, दिवस असा क्रम आणि महिन्यासाठी इंग्रजी-फ्रेंच दोन्हींना चालणारी दोन अक्षरे दिसतील. त्यांत ‘एमए’ म्हणजे मार्च नसून मे, आणि मार्चसाठी ‘एमआर’ असते. थायलंडहून कोणी खाऊ आणला आणि त्यावर २५६८ असे वर्ष दिसले तर त्यातून ५४३ वजा करावेत. ते बौद्ध संवतातले २०२५ आहे.

मुदतबाह्य वस्तू गळ्यात पडली तर

वस्तू उघडली असली तरी वेष्टन फेकू नये. तारीख, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पत्ता आणि किंमत एकाच चौकटीत येतील असे छायाचित्र काढावे, बिल सोबत ठेवावे आणि आधी दुकानदाराशी शांतपणे बोलावे. बहुतेक जण वस्तू बदलून देतात. त्याने नकार दिला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते. महाराष्ट्रात अन्न किंवा औषधाविषयीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात, तर वजन, किंमत किंवा छापील माहितीविषयीची तक्रार वैधमापन शास्त्र यंत्रणेच्या निरीक्षकाकडे द्यावी. तक्रारीत बॅच क्रमांक ठळकपणे लिहावा, म्हणजे त्या घाण्यातला उरलेला माल दुकानात किंवा गोदामात असेल तर तोही तपासता येतो.